ताटातले धान्य आणि अंगातली चरबी

महाराष्ट्रात इन्शुलिनची चर्चा दवाखान्याबाहेर आणली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत ते गावोगावच्या सभागृहांतून सांगत राहिले : खाल्ले की इन्शुलिन पाझरते, इन्शुलिन चढलेले असले की साठलेली चरबी जळत नाही, म्हणून कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवा. त्याच काळात दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगणारा सल्लाही तितकाच लोकप्रिय होता. एकाच घरात दोन्ही सल्ले पाळणारी माणसे दिसू लागली आणि प्रत्येकाकडे आपले वजन उतरल्याचा दाखला होता.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. पिष्ट आणि साखर माणसाला जाड करतात का, आणि आजारी करतात का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच उत्तरात कोंबल्यामुळे निम्मा गोंधळ झाला, असे मला वाटते. पहिल्याचे उत्तर आजवरच्या प्रयोगांतून बरेचसे मिळाले आहे आणि ते कर्बोदकांच्या विरोधकांना फारसे आवडणारे नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र खाणारा कोण, त्याच्या अंगावर स्नायू किती, त्याच्या यकृतात काय साठले आहे, यावर ठरते. आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत ते काळजी करावी असेच आहे.

आधी शरीरातला व्यवहार पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात पिष्ट असते चाळीसेक ग्रॅम. रक्तात आहे त्याच्या आठ-दहा पट ग्लुकोज दोन-तीन तासांत रक्तात उतरते आणि तरीही निरोगी माणसाची साखर सहसा १४० च्या वर जात नाही. ही किमया इन्शुलिनची. स्वादुपिंडातून निघालेले इन्शुलिन पहिल्यांदा यकृतात पोचते आणि तिथले साखर तयार करण्याचे काम थांबवते. मग ते स्नायूंना ग्लुकोज आत घ्यायला लावते. चरबीच्या पेशींना ते सांगते, की आता चरबी बाहेर सोडू नका. या शेवटच्या कामाला फार थोडे इन्शुलिन पुरते, आणि ‘इन्शुलिन असेपर्यंत चरबी जळत नाही’ हे म्हणणे आले ते इथूनच. म्हणणे खरे आहे, पण अर्धे. जेवणानंतर थांबलेली चरबी रात्री, दोन जेवणांच्या मधे पुन्हा बाहेर पडते. चोवीस तासांचा हिशेब काय लागला, हे त्या दोन-तीन तासांवरून कळत नाही.

ग्लुकोज साठवायला शरीरात जागा मर्यादित आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंतला हा साठा अंगमेहनत करणारा माणूस रोज रिकामा करतो, खुर्चीत बसणारा करत नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात स्नायूंची ही जागा लक्षात ठेवायला हवी.

आता पहिला प्रश्न, जाडीचा. १८६३ साली लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका काढली. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले आणि आपण कसे बारीक झालो, याची ती हकीकत होती. पुस्तिका इतकी खपली, की ‘बँटिंग करणे’ म्हणजे खाणे कमी करून बारीक होणे असा अर्थ रूढ झाला. पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आले. ते शोधणाऱ्यांपैकी एकाचे आडनावही बँटिंगच. इन्शुलिन नसलेली मुले हाडांचा सापळा होऊन मरत. इन्शुलिन टोचले की त्यांच्या अंगावर मांस आणि चरबी धरू लागे. इन्शुलिनशिवाय चरबी साठत नाही, हे तेव्हाच डोळ्यांना दिसले.

१९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली, ज्यासाठी यॅलोंना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. मोजमाप सुरू होताच वेगळेच दिसले : प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हते, उलट जास्त होते. हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच म्हटले होते, की काही मधुमेहींचे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. त्याला आता पुरावा मिळाला. जाड माणसांत इन्शुलिन जास्त, पिष्टाने इन्शुलिन वाढते, इन्शुलिन चरबी साठवते. तीन वाक्ये जोडली की एक सुटसुटीत सिद्धांत तयार होतो : पिष्टच माणसाला जाड करते. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ मध्ये तो लोकांपर्यंत नेला. पत्रकार गॅरी टाउब्स यांनी २००७ मध्ये त्याला जाडजूड ग्रंथाचे पाठबळ दिले, आणि हार्वर्डच्या डेव्हिड लुडविग यांनी त्याला शास्त्रीय मांडणी दिली.

दरम्यान अमेरिकेत उलटी हवा होती. अँसेल कीज यांचा रोख संपृक्त चरबीवर होता. लंडनचे जॉन युडकिन साखरेला दोष देत होते आणि त्यांना गंभीरपणे घेतले जात नव्हते. यामागे निव्वळ शास्त्रीय मतभेद नव्हते. १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांचा एक आढावा आला. हृदयरोगात साखरेचा वाटा कमी आणि चरबीचा जास्त, असा त्याचा सूर होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून उजेडात आले ते २०१६ मध्ये. याचा राग येणे साहजिक आहे. पण साखर उद्योग खोटा वागला, म्हणून पिष्टाविरुद्धचा सिद्धांत आपोआप खरा ठरत नाही. त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

ती परीक्षा झाली, आणि तीही सिद्धांताच्या समर्थकांच्या पैशाने. टाउब्स आणि डॉ. पीटर अटिया यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाला निधी दिला. सतरा जाड पुरुषांना बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून चार आठवडे नेहमीचे पिष्टयुक्त जेवण दिले, मग चार आठवडे पिष्ट जवळजवळ काढून टाकलेले. उष्मांक तेवढेच. इन्शुलिन निम्म्याच्या आसपास उतरले. सिद्धांत खरा असता, तर चरबी झपाट्याने वितळायला हवी होती. प्रत्यक्षात चरबी घटण्याचा वेग सुरुवातीला मंदावलाच, आणि शरीराचा उष्मांकखर्च वाढला तो दिवसाला साठच्या आत, म्हणजे अर्ध्या पोळीएवढा.

लुडविग यांचा आक्षेप असा, की पिष्ट कमी करण्याशी शरीर जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात आणि हॉल यांचे प्रयोग तोकडे आहेत. त्यांच्या स्वतःच्या २०१८ च्या अभ्यासात कमी पिष्ट खाणाऱ्यांचा उष्मांकखर्च दिवसाला दोनशेने जास्त दिसला. मात्र तो मोजण्याच्या पद्धतीवरच वाद आहे. मला निर्णायक वाटतो तो त्याच वर्षीचा स्टॅनफर्डमधला ख्रिस्तोफर गार्डनर यांचा अभ्यास. ६०९ माणसे, पूर्ण एक वर्ष. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी पिष्ट. दोन्ही गटांना सांगितले होते, की मैदा-साखर टाळा, भाज्या भरपूर खा, घरी शिजवा. वर्षाअखेर एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने घटले, दुसऱ्याचे सहा किलोने. हा फरक संख्याशास्त्रात टिकणारा नव्हता. शरीर ग्लुकोजला किती इन्शुलिनने उत्तर देते, यावरून कोणाला कोणता आहार लागू पडेल, हेही सांगता आले नाही. सरासरीच्या आत मात्र प्रचंड तफावत होती. दोन्ही गटांत पंचवीस किलो घटवणारे होते आणि वजन वाढलेलेही होते.

जगाच्या पाठीवरची उदाहरणेही याच बाजूची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ओकिनावाचे लोक ऊर्जेचा सुमारे ८५ टक्के भाग पिष्टातून घेत, त्यातला बराचसा रताळ्यांतून, आणि ते जाड नव्हते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंप्नर यांनी १९३९ पासून रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळे आणि साखर एवढ्यावर ठेवले. त्यांचे वजन उतरले आणि मधुमेह असलेल्या अनेकांची साखरही सुधारली. त्या आहाराचा सल्ला आज कोणी देऊ नये. पण पिष्टाने इन्शुलिन वाढते म्हणून माणूस जाड होतोच, हे म्हणणे या रुग्णांपुढे टिकत नाही. आणखी एक पुरावा गेल्या काही वर्षांत औषधांच्या दुकानांत आला आहे. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने साखर चढलेली असताना इन्शुलिनचे पाझरणे वाढवतात आणि तरी वजन उतरवतात, कारण ती भूक मारतात.

मग माणूस जाड होतो कशाने? हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. वीस माणसे, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद अन्न, दोन आठवडे घरगुती धाटणीचे. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, पिष्ट, स्निग्धांश आणि चोथा यांचे प्रमाण सारखे ठेवले होते. किती खायचे, हे त्यांच्यावर सोडले. पाकीटबंद अन्नावर ती माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. बिस्किट, फरसाण, पाव, गोड पेये यांत पिष्ट असतेच. पण ते तेलाबरोबर, मिठाबरोबर, चावावे न लागणाऱ्या रूपात येते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत पुडा संपलेला असतो. नाचणीची भाकरी आणि नाचणीचे बिस्किट यांत पिष्ट दोन्हीकडे आहे. तीन भाकऱ्या कोणी गप्पा मारता मारता संपवत नाही.

दोनदा जेवण्याचा नियम काम करतो, तोही याच वाटेने, असे मला वाटते. दिवसात चार वेळा साखर घातलेला चहा, सोबत बिस्किटे, संध्याकाळी वडापाव किंवा चिवडा हे सगळे एका फटक्यात जाते. इन्शुलिनची किमान पातळी वगैरे समजून न घेताही पाळता येईल असा तो सोपा नियम आहे आणि ज्यांना तो मानवतो, त्यांच्या बाबतीत त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण खाण्याच्या वेळा आवळण्याला स्वतंत्र जादू नाही. चीनमध्ये १३९ जाड माणसांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सगळ्यांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. अर्ध्यांनी आठ तासांच्या आत खाल्ले, अर्ध्यांनी केव्हाही. वजनातला फरक नगण्य निघाला.

दुसरा प्रश्न, आजाराचा, अधिक महत्त्वाचा आहे आणि तिथे पिष्टाला इतक्या सहज सोडता येत नाही.

१९८८ मध्ये स्टॅनफर्डचे जेराल्ड रिव्हन यांनी काही गोष्टी एका माळेत ओवल्या : इन्शुलिनला दाद न देणारे शरीर, चढा रक्तदाब, रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त, चांगले कोलेस्टेरॉल कमी, आणि पुढे मधुमेह व हृदयरोग. या सगळ्याचा उगम कुठे, याचे उत्तर गेल्या वीस वर्षांत यकृतात आणि स्नायूंत सापडू लागले आहे. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने तरुण, सडपातळ, निरोगी माणसे घेतली. काहींचे स्नायू इन्शुलिनला उत्तम दाद देत होते, काहींचे नाही. सगळ्यांना पिष्टाने भरलेले जेवण दिले. पहिल्यांच्या स्नायूंत ग्लुकोज ग्लायकोजेन होऊन साठले. दुसऱ्यांच्या स्नायूंत ते साठण्याचे प्रमाण साठ टक्क्यांनी कमी होते, आणि उरलेले ग्लुकोज यकृताकडे वळून त्याची चरबी होत होती, पहिल्यांच्या दुपटीहून अधिक. म्हणजे तोच भात एकाच्या मांडीत इंधन म्हणून गेला आणि दुसऱ्याच्या यकृतात मेद म्हणून. याच गटाने पुढे दाखवले, की अशा माणसांनी जेवणाआधी एकदाच पाऊण तास व्यायाम केला, तरी यकृतात चरबी बनण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी उतरते.

साखरेचा मार्ग थोडा वेगळा आहे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा बहुतेक भार यकृतावर पडतो. किंबर स्टॅनहोप यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना दहा आठवडे ऊर्जेचा पाव हिस्सा फ्रुक्टोजच्या पेयांतून दिला, काहींना ग्लुकोजच्या. वजन दोघांचे सारखेच वाढले, पण पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी लक्षणीय वाढली ती फ्रुक्टोजवाल्यांची. आपल्याकडे साखर सोडून गुळाचा चहा घेणाऱ्यांना इथे सांगायला हवे, की गुळातही मुख्यतः तीच साखर असते. लोह आणि इतर खनिजे असतात, पण चहात पडणाऱ्या गुळाबरोबर ती नावापुरतीच पोटात जातात.

यकृत चरबीने भरले, की ते इन्शुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर साखर तयार करत राहते. उपाशीपोटीची साखर वाढते ती यामुळे. ज्या माणसाने रात्री काहीच खाल्ले नाही, त्याची सकाळची साखर दीडशे कशी, या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. यकृतातली चरबी मग रक्तातून स्वादुपिंडात जाते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी दमतात. न्यूकॅसलचे रॉय टेलर ही साखळी मांडतात आणि त्यांच्या मते प्रत्येकाची चरबी सुरक्षित साठवण्याची मर्यादा जन्मतः वेगळी असते. कातडीखालची कणगी भरली, की धान्य घरभर सांडू लागते. कोणाची कणगी शंभर किलोला भरते, कोणाची पासष्टला.

टेलर आणि माइक लीन यांनी ही कल्पना माणसांवर तपासली. ब्रिटनमधल्या २९८ मधुमेहींपैकी अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे उष्मांकांच्या पातळ आहारावर ठेवले. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटलेला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण होते चार टक्के. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त घटवलेल्यांत ते ८६ टक्के होते. लोक सहसा न सांगणारी एक गोष्ट अशी, की त्या पातळ आहारातली जवळजवळ साठ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत होती. मधुमेह हटला तो पिष्ट वगळून नव्हे, तर यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी निघून गेल्यामुळे.

तरी पिष्ट कमी करण्याचा मधुमेहींना उपयोग होतो, आणि तो नाकारणारे डॉक्टर चुकतात, असे मी म्हणेन. ज्याची मोटार इंधन जाळत नाही त्याला इंधन कमी देणे शहाणपणाचेच. २०२१ मध्ये तेवीस प्रयोग एकत्र पाहिले गेले. सहा महिन्यांनी कमी पिष्टवाल्यांपैकी ५७ टक्क्यांची एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी, मधुमेहाच्या रेषेखाली आली, तर इतरांपैकी ३१ टक्क्यांची. बारा महिन्यांपर्यंत ही आघाडी बरीचशी विरली, कारण माणसे जुन्या ताटाकडे परतली. पिष्ट कमी केले की ट्रायग्लिसराइड हमखास उतरतात. पिष्टाने ते चढतात, हे न्यूयॉर्कच्या पीट आहरेन्स यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. मात्र भाताची जागा लोणी, तूप आणि मटणाने घेतली, तर काहींचे वाईट कोलेस्टेरॉल भराभर चढते, आणि हृदयरोगाच्या बाबतीत त्या आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणखी एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना अचानक भात-पोळी सोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असताना पिष्ट अगदी काढून टाकले, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आहार सुरू करण्याआधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घेणे हा आहाराचाच भाग आहे.

हे सगळे आपल्याकडे अधिक तीव्र का होते, याचा सर्वात मोलाचा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन (साखरेला दोष देणारे जॉन युडकिन वेगळे) यांचा एक छोटा लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती निराळी असतात, हे याहून नेमके सांगता येणार नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे अभ्यासली. पुण्याकडच्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळाचे साडेतीन. हलक्या बाळात सगळेच कमी असायला हवे. तसे नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती. आणि याच गटाच्या आणखी एका तुलनेत नाळेच्या रक्तातले इन्शुलिन इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुण्याच्या बाळांत जास्त आढळले.

या निष्कर्षापाशी मी थांबतो, कारण तो सगळ्या वादाची दिशा बदलतो. भाताचा एक कण पोटात जाण्याआधी ज्या बाळाचे इन्शुलिन चढलेले आहे, त्याचा दोष भातावर कसा टाकणार? तो आईच्या आणि तिच्याही आईच्या पोषणात शोधावा लागतो. गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या बायकांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला कमी दाद मिळत होती, हेही गावांतल्या त्याच अभ्यासाने दाखवले. स्नायू कमी, म्हणजे ग्लुकोज साठवायची जागा जन्मापासून अपुरी. अशा शरीराला दिवसभर खुर्चीत बसवले आणि तिन्ही वेळा धान्याने ताट भरले, की बीएमआय तेवीसलाही मधुमेह होतो. वजन तर ठीक आहे, असे म्हणून कंबर न मोजणाऱ्या तपासण्या आपल्या कामाच्या नाहीत.

देशव्यापी पाहणीने याचा विस्तार दाखवला. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : देशात १०.१ कोटी मधुमेही, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात ते २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. या अभ्यासाच्या २०२५ मधल्या आहारविषयक लेखानुसार भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्के. २१ देशांतल्या एक लाख ३२ हजार माणसांच्या दुसऱ्या एका अभ्यासात रोज साडेचारशे ग्रॅमहून जास्त पांढरा भात खाणे आणि मधुमेह यांचा संबंध सर्वात ठळक दिसला तो दक्षिण आशियात. चीनमध्ये तो तसा दिसला नाही.

इंडियाबच्या आहारलेखातला एक निष्कर्ष अनेकांना खट्टू करेल. मैदा आणि पांढऱ्या तांदळाऐवजी अख्ख्या गव्हाचे किंवा ज्वारी-बाजरी-नाचणीचे पीठ खाल्ले, पण धान्याचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. कमी दिसली ती ऊर्जेतला पाच टक्के वाटा धान्याकडून काढून डाळी, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांना दिला तेव्हा. अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या पाहणीचा आहे, कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. पण भरडधान्यांच्या सध्याच्या उत्साहाला हा इशारा आहे. बारीक दळलेल्या नाचणीचे पिष्ट पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. जुन्या ताटात भाकरी एकटी नव्हती. सोबत पिठले, उसळ, ताक, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी असायची आणि जेवून उठणारा माणूस पुन्हा शेतात जायचा.

त्या अर्थाने आपल्या उपवासाच्या ताटाकडे नव्याने पाहायला हवे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात बटाटा घातला, की उरते ते दाण्याच्या कुटाचे थोडे प्रथिन. मधुमेही आजी आषाढीला दिवसभर खिचडी खाते आणि दुसऱ्या दिवशी तिची साखर तीनशे येते, त्यात नवल नाही. वरईबरोबर दाण्याची आमटी आणि दही हा याच चौकटीतला कमी त्रासाचा पर्याय आहे. रोजच्या जेवणात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी किंवा भात, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात जेवणानंतर तासाभराने मोजलेला फरक एक तृतीयांशाहून जास्त होता. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात.

धान्याचा वाटा कमी करा, हा सल्ला इंडियाबचे संशोधक देतात, आणि तो मला पटतो : मधुमेहींनी ऊर्जेतला कर्बोदकांचा वाटा पन्नास टक्क्यांच्या आसपास आणावा, प्रथिनांचा वीसच्या जवळ न्यावा. हा केटो आहार नव्हे. रोजच्या दोन पोळ्यांची एक करून तिच्या जागी वाटीभर घट्ट वरण, दोन अंडी किंवा बांगडा घेण्याचा तो हिशेब आहे. पण हा हिशेब ज्याच्या खिशाला परवडतो, त्याच्याशीच आपण बहुधा बोलत असतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळते, तांदूळ किंवा गहू. डाळ त्या हक्कात नाही. ज्या घरात तूरडाळीचा भाव पाहून आमटी पातळ होते, तिथे ताट धान्यानेच भरणार. पुण्याच्या अभ्यासातली हलकी, कमी स्नायूंची बाळे अशाच घरांतली आहेत, आणि प्रथिने सर्वात आधी पोचायला हवीत ती त्यांच्या आयांपर्यंत आणि शाळेत जाणाऱ्या मुलींपर्यंत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देणे सुरू केले होते. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. तो पुन्हा सुरू करावा आणि रेशनवर तांदळाबरोबर डाळ द्यावी, ही मागणी वजन उतरवण्याच्या व्याख्यानांना गर्दी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी करायला हवी.